डावा सुळा

मी दात करते. दुसऱ्यांचे.
रीगात, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या तळघरात,
जिथल्या खिडकीतून माणसांचे फक्त बूट दिसतात.
दाढा, सुळे, कवळ्या.
रंग ए-दोन, ए-तीन,
आणि जन्मभर सिगारेट ओढलेल्यांसाठी
तो उकळून उकळून काळवंडलेल्या चहासारखा सी-चार.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं.

सहा वाजता विल्मा दिवे मालवून गेली
की मी एकच दिवा पुन्हा लावते
आणि उरलेल्या रेझिनमधून
जगात नसलेल्या एका जनावराचा जबडा घडवते.

उमोर त्याचं नाव.
'खारी रात्र' मालिकेत समुद्रातून यायचा, मंगळवारी,
मी चौदा वर्षांची होते तेव्हा.
एकच माणूस सगळ्यांचे संवाद वाचायचा,
राणीचे, नावाड्याच्या पोराचे, उमोरच्या गुरगुरण्याचेसुद्धा,
एकाच थकलेल्या आवाजात.
मधेच खोकायचा,
आणि आम्हाला वाटायचं राणीला सर्दी झालीय.
नऊ भाग झाले.
दहाव्याच्या वेळेला हवामान दाखवलं.
पुढच्या मंगळवारीही हवामान.
कुणी काही सांगितलं नाही.

तेव्हापासून दहावा भाग मी लिहिते आहे,
आता लॅबच्या पावत्यांमागे.
एकदा राणी बुडाली. एकदा वाचली.
एकदा, माझ्या घटस्फोटाच्या वर्षी,
तिनं उमोरशीच लग्न लावलं.
ती पावती मी अजून फाडलेली नाही.

बहीण म्हणते, पन्नाशीला टेकलीस, बाहुल्या कसल्या खेळतेस.
अस्त्रीदाकडे टोमॅटोच्या बियांची एकशे बारा पाकिटं आहेत,
प्रत्येकावर नाव, तारीख, कुणाकडून आणलं ते.
पेरते त्यातली सहा.
मी काही बोलत नाही.
दात असून चावायचं नाही, हे धंद्यानं लावलेलं वळण.

फेब्रुवारीत येल्गावाला जमलो,
एका शाळेच्या व्यायामशाळेत,
रबराचा आणि ओल्या लोकरीचा वास.
सगळीकडे निळे केस, पुठ्ठ्याच्या तलवारी,
आताच्या, सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टी.
मी जबडा चढवून बास्केटबॉलच्या खांबाखाली उभी.
डायनासोर का? एका पोरानं विचारलं.
मगर? वॉलरस?
मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हटलं.
कुणाकुणापुढे दातांच्या कण्या करणार?

मग तो आला. ओव्हरकोट, हातात चिकटपट्टी,
लेकीचा मोडका पंख सांधायला आलेला बाप.
पंख सोडून माझ्याकडे बघत राहिला. जवळ आला.
'डावा सुळा,' म्हणाला. 'टोक तुटलेलं.
सातवा भाग. राणी नांगर फेकून मारते तेव्हा.'

दोन सेकंदं दिसलं होतं ते पडद्यावर.
दोनसुद्धा नाहीत.
त्या टोकासाठी मी तीन सुळे वाया घालवले होते.

मग तो खोकला.
मुद्दाम. वाक्याच्या मधोमध.
अगदी राणीसारखा.

मला हसायचं होतं,
पण बाहेर उमोरचं तोंड होतं, ते हसत नाही.
आत गालांवरून काहीतरी ओघळत होतं,
घाम असेल, त्या जबड्यात उकडतं फार.
'दहाव्यात काय झालं?' त्यानं विचारलं,
जणू त्याच्या घरची वीज गेली होती
आणि मी शेजारी बसून बघितला होता.

कुठला सांगू? एकतीस आहेत माझ्याकडे.
तेवढ्यात लेकीनं बाही ओढली,
आणि एका पंखावर तिरकी होत
ती त्याला घेऊन गेली.
नाव विचारायचं राहिलं.

सोमवारी पावती आली: बेकरीतल्या बाईसाठी
एक सुळा, वरचा, डावा, ए-तीन.
घासता घासता टोक जरा जास्तच गेलं.
थांबले. पुन्हा भरलं.
माणसाचा दात तो,
त्याला पाव चावायचाय.

विल्मा गेल्यावर तीच पावती उलटी केली.

भाग दहावा.
राणी खोकते.