उतार

हळवे हाथे, काका, म्हणाल्या निरालीबेन.
गुजरातीत हळवे म्हणजे हलक्या.
मराठीत ते भलतीकडेच जातं,
पण मी काही बोललो नाही.
अजून हळवे. पापडावर हात ठेवलात
तरी पापड मोडता कामा नये.

बत्तीस वर्षं मी महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात.
माझ्या हाताला पहार कळते,
मॅनहोलचं झाकण कळतं.
हलका म्हणजे नेमका किती
ते शिकायला कारेलीबागेतल्या या दोन खोल्यांत
आलोय, पासष्टाव्या वर्षी.

पलंगावर कुंदा.
डावा हात उशीवर, जड, तुकतुकीत,
कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.
ऑपरेशनला दीड वर्ष झालं.
काखेतल्या सतरा गाठी काढल्या तेव्हा
आकडा मी डायरीत लिहिला होता,
पूर्वी चेंबरचे नंबर लिहायचो तसा.

रक्ताला पंप असतो, काका, या पाण्याला नाही.
ते श्वासाच्या रेट्यानं चालतं,
हातापायांच्या हालचालीनं,
कातडीच्या अगदी खालून, रांगत.
जोर केलात तर वाट दबते.
आणि सुजेपासून सुरुवात कधीच नाही.
आधी गळ्याजवळचं तोंड मोकळं करायचं.
मग उजवी काख.
मग छातीवरून तिकडे जायची वाट.
हात सगळ्यांत शेवटी,
त्यातही आधी खांदा, मग दंड, मग मनगट.

मला हसू आलं.
कुंदानं डोळे उघडले. काय झालं?

भुखी कांस तुंबली की
नवे इंजिनिअर वरून उपसायला घ्यायचे,
जिथं पाणी दिसतं तिथून.
मी त्यांना चालवत खाली न्यायचो, विश्वामित्रीपर्यंत,
कांस नदीला मिळते तिथं.
जलपर्णी, गोधड्या, कुणाच्या तरी सोफ्याचा सांगाडा,
एकदा तर मगर, निवांत तोंड उघडून.
आधी हे काढा, म्हणायचो,
पाणी काय, रात्रीत आपलं आपण उतरेल.

सगळं सांगितलं तिला.
ती म्हणाली, म्हणजे मी तुमची कांस?
निरालीबेन इतक्या हसल्या
की मोजणी चुकली.

हे बरं व्हायचं नाही, त्यांनी आधीच सांगितलंय.
हे सांभाळायचं.
दिवसभर ती घट्ट बाही,
त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही.
हात लाल झाला, ताप आला, तर चोळायचं नाही,
सरळ डॉक्टर गाठायचा.

आता रोज संध्याकाळी, दांडिया बाजारातल्या घरी,
खालच्या फरसाणवाल्याची कढई तापते तेव्हा
कुंदा पोट फुगवून श्वास घेते, पाच वेळा,
आणि मी तिच्या गळ्याशी बोटं टेकतो.
कातडी जेवढी सरकेल तेवढीच सरकवायची, मग सोडायची.
तेल नाही. आवाज नाही.
बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस काही करतच नाहीये.

पुराच्या त्या रात्री
मी तीन दिवस पंपिंग स्टेशनवर होतो.
शहराचं पाणी मोजत.
आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं चढलं,
आणि हिनं शिवणयंत्र एकटीनं वर नेलं,
पायरी पायरीनं,
याच हातानं.
परत आल्यावर मी विचारलं होतं,
माझ्या फायली भिजल्या का?

हे तिला आठवतं का, माहीत नाही.
माझी बोटं दंडापाशी येतात तेव्हा
ती डोळे मिटलेलेच ठेवते, आणि म्हणते,
चाळीस वर्षांत एवढा हलका हात
कधी लागला नव्हता तुमचा.

मी टेप काढतो. पाच ठिकाणी खुणा,
पेन्सिल, सहकारी बँकेचं कॅलेंडर.
कोपराखाली सव्वीस, मी सांगतो.
काल साडेसव्वीस होतं.
खोटं, ती म्हणते, टेप ओढून धरता तुम्ही.

पुन्हा मोजतो.
सैल सोडून.