न्यूट्रलमध्ये

बॅरिकेडच्या अलीकडे रिक्षा लावली,
हँडल लॉक केलं, दोनदा ओढून पाहिलं,
आणि कॅनडा कॉर्नरला पाय खाली ठेवला.
एकवीस वर्षं ह्या कॉलेज रोडवर माझं पोट चालतंय.
मी मात्र चाललो नव्हतो कधी.

मे महिन्यातला दुसरा रविवार.
सहा ते दहा वाहनांना बंदी.
हवा अजून रात्रीचीच,
माठाच्या बाहेरच्या अंगासारखी.
चैतालीच्या मनगटावर तिच्या आईने
बॉलपेनने माझा नंबर लिहिलाय,
शेवटचा सात पुसट उठला म्हणून पुन्हा गिरवलेला.
‘हरवलीस तर आहेस तिथेच उभी राहा,
धावायचं नाही. खाकीवाल्या ताईला हात दाखवायचा.’
चैताली म्हणते, हो,
आणि धावते.

मला हा रस्ता बुडाने पाठ होता.
इथे दुसरा गियर, इथे ब्रेकवर पाय,
इथे ड्रेनेजचं झाकण वाजतं.
मॉडेल कॉलनीच्या अलीकडे तो खड्डा,
तीन पावसाळे बुजवून पुन्हा उघडलेला,
पॅसेंजर ज्याच्यावरून मला शिव्या देतात.
आज त्याच्याभोवती कुणीतरी
खडूने पिवळ्या पाकळ्या काढल्यात.
खड्डा तोच.
आता त्याला देठ आहे.

दुभाजकावर बसून दोन म्हाताऱ्या काकडी खातायत,
तिखट-मीठ लावून, पाय सोडून,
जणू गोदेच्या घाटावर.
कुठे ढोल, कुठे दोरीवरच्या उड्या,
कुठे एक पोरगा आडवा झोपलाय, अगदी मधोमध,
आणि त्याची बहीण खडूने त्याचा आकार काढतेय.
माझ्या पोटात गोळा आला.
रस्त्यावर आडवं झालेलं माणूस
मी असं हसताना पाहिलेलं नाही.

मागून घंटी वाजली
आणि माझा उजवा हात आपोआप बाहेर गेला.
वळतोय, असं मी हवेला सांगितलं.
स्केटिंगवाली पोरगी करकचून थांबली,
हेल्मेट सावरत म्हणाली,
‘जा ना काका, तुमची साइड आहे.’
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

नऊच्या सुमाराला ऊन उतरलं खाली.
लेझीमच्या रांगेतून लोखंडे तात्या,
नोटप्रेसमधून रिटायर झालेले,
हळूच खाली बसले. चक्कर नाही म्हणाले,
जरा अंधारी. टोपी घरी राहिली.
माणसं भोवती गोळा झाली, जशी होतात,
वाऱ्याला जागा न ठेवता.
पलीकडे स्ट्रेचर घेऊन उभी पोरं,
मध्ये ढोल, मध्ये फुगेवाला.
गर्दी फोडायचं मला येतं,
तेवढं एकच येतं.
पण हॉर्न अडीचशे पावलं मागे.
मग तोंडानेच वाजवला,
पीप पीप पीप, पोटातून,
सिव्हिल हॉस्पिटलला बाळंतीण नेतो तसा.
आधी हसले सगळे,
मग दोन्हीकडे सरकले.

गुलमोहराखाली तात्यांना बसवलं.
शिरसाठ मॅडमनी पुडी पाण्यात ढवळली.
‘घोट घोट. घटाघटा नाही.’
तात्या शहाण्या पोरासारखे प्यायले.
अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं,
लेझीम कुणी नेली माझी?

दहाला डांबर पायाला कळायला लागलं.
चैतालीने चपला कुठेतरी काढल्या होत्या,
एका पायावर उडत परत आली,
खांद्यावर घेतली.
मनगटावरचा नंबर घामाने गेलेला,
फक्त गिरवलेला सात तेवढा.

बॅरिकेड सरकले. पहिला हॉर्न, खरा,
कानाला टोचला.
सीट तव्यासारखी तापलेली,
ओलं फडकं टाकून बसलो,
किक मारली.

तीनच्या फेरीला पाहिलं,
दोन पाकळ्या उरल्या होत्या, टायरच्या खुणांत.
मी जरा लांबून काढली.
मागचे गृहस्थ म्हणाले,
अहो, सरळ होता की रस्ता.