मे महिन्यात सोलापूर

शुक्रवारी रात्री साडेनऊला झेलम म्हणाली,
चल, कुठंतरी जाऊ.
मी फरशी पुसत होते. फडकं तसंच बादलीत टाकलं.

स्वारगेटला महाबळेश्वरसाठी ही रांग,
गणपतीपुळ्याची गाडी डोळ्यांदेखत भरून गेली.
सोलापूरच्या गाडीत मात्र पाय पसरायला जागा.
कंडक्टरनं विचारलं, लग्न आहे का कुणाचं?
नाही, फिरायला.
त्यानं सुटे पैसे दोनदा मोजून हातात दिले,
आजारी माणसाला द्यावेत तसे.

पहाटे चारला उतरलो, डांबर तेव्हाही कोमट.
साडेआठला ऊन आलं ते
ओळख नसताना खांद्यावर हात टाकून.
किल्ल्याच्या दारातला पहारेकरी म्हणाला,
आत सावली नाही, बुरूज आहेत.
बुरूज पाहिले.
सिद्धेश्वराच्या तळ्यात माशांना चुरमुरे टाकले,
मासे तोंडं उघडून वर आले
आणि कठड्यावर आम्हीही तशाच.
बंद गिरणीच्या चिमणीची सावली रस्त्यावर आडवी होती,
तिच्यात ओळीनं एक कलिंगडवाला, दोन कुत्री, आम्ही दोघी.
सावली सरकली की सगळे सरकायचो.
कुणी कुणाशी बोललं नाही.

रिक्षावाला मल्लेशम दासरी.
फोनवर बायकोशी तेलुगूत,
नाक्यावरच्या पोलिसाशी कन्नडमध्ये,
आमच्याशी सोलापुरी:
नदी बघाय? ह्या उनात? डोकं बिकं बरं हाय की न्हाई?
मग स्वतःच म्हणाला, बसा, कुडलला नेतो,
तिथं दोन हाईत. एकीच्या पैशात.

चाळीस किलोमीटर तो बापाच्या मागाबद्दल बोलला.
माग भंगारात गेला तरी
म्हातारा पहाटे पाचला उठून
भिंतीशी बसतो म्हणे, हात हलवत.
ह्यावर काय बोलायचं ते आम्हाला सुचलं नाही.
झेलमनं त्याला पाण्याची बाटली दिली.

संगमावर सीना म्हणजे ओला वाळूचा पट्टा.
भीमेला धरणातून सोडलेलं पाणी होतं,
हिरवट, सावकाश, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं.
देवळात एक पिंड, तिच्यावर चेहरेच चेहरे.
मी मोजत एकशेबारापर्यंत गेले, पुढे गरगरलं.
तुळईवर जुनी अक्षरं कोरलेली.
पुजाऱ्याचा मुलगा म्हणाला, हजार वर्षांची मराठी आहे,
जो वाचील त्याचं भलं होईल असं लिहिलंय.
दोघी मान वर करून उभ्या राहिलो.
आठवी ते दहावी मराठी शिकवते मी.
मला दोन अक्षरं लागली, तीही बहुतेक चुकून.

झेलमचे वडील फौजेत होते.
ज्या नदीकाठी तंबू होता तिचं नाव त्यांनी पत्रातून पाठवलं,
इकडे बारशाला तेच ठेवलं.
एकोणचाळीस वर्षं ती हे नाव सांगते,
शब्दलेखन सांगते, फौज सांगते,
नदी तिनं पाहिलेली नाही.
ती चपला काढून भीमेत गुडघाभर उतरली.
बराच वेळ.
मल्लेशमनं एकदा घड्याळ पाहिलं,
मग रिक्षा सावलीत घेऊन सीटवर आडवा झाला.
परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, खाली गार आहे.

रविवारी चव्वेचाळीस अंश.
चादर घ्यायची नाही असं ठरवून तीन घेतल्या.
दुकानदार त्या उलगडून अंगावर टाकून दाखवत होता,
आणि आम्ही, घाम निथळत,
जरा अजून जाड नाही का, म्हणून विचारत होतो.

सोमवारी शिक्षकखोलीत विचारलं,
काय पाहिलंत तिथं?
मी वही काढायला गेले, त्या दोन अक्षरांची.
शेंगाचटणीची पुडी पिशवीत फुटली होती.
लाल तेल पानापानांतून गेलेलं,
एक अक्षर थोडं दिसत होतं.
सगळ्यांनी त्याच पानावरची चटणी
बोटानं पुसून खाल्ली.
तिखट आहे, म्हणाले.