मिशी

ट्रॉय गावात, हडसन नदीकाठच्या थिएटरात
शनिवारी पाच सेंटला तिकीट.
पियानोवर म्हातारा ग्रूबर काय वाजवतो, मला ठाऊक नाही;
त्याचे खांदे हलतात, आणि बाकाच्या लाकडातून
थोडंसं काहीतरी माझ्यापर्यंत येतं.
सहाव्या वर्षी तापानं कान नेले.
ओठ मात्र वाचते मी,
कॉलरच्या कारखान्यात, इस्त्र्यांच्या वाफेतसुद्धा,
कोण कुणाबद्दल काय बोललं, सगळं.

सिनेमा साधाच. एक पोरगी, दोन उमेदवार.
गवती टोपीवाला देखणा,
आणि दुसरा जाडा, मिशाळ, हरण्यासाठीच जन्मलेला.
देखणा गुडघ्यावर बसतो, छातीवर हात,
पडद्यावर पाटी येते:
‘रोझी, तुझ्याविना जीवन वाळवंट!’
बायका रुमाल काढतात.
मी एकटीच हसते, कारण त्याचे ओठ म्हणाले होते,
‘लवकर उरका रे, बूट चावतोय.’

मग तळं. मग होडी. मग व्हायचं तेच:
जाड्या पाण्यात, त्याच्यामागे रोझीही.
हॉलभर पोटं गदगदतात,
ब्रायडी माझ्या दंडाला चिमटे काढते.
पाण्यानं त्याची खोटी मिशी सुटते,
बदकाच्या पिल्लासारखी तरंगत जाते,
आणि पहिल्यांदाच दिसतात त्याचे ओठ.
तो रोझी म्हणत नाही. म्हणतो,
‘हेन्रिएटा, खांदा धर. इथं खोल आहे.
धर गं. मी आहे.’
तेवढ्यात देखणा तिला काठावर ओढतो.
चुंबन. पाटी. दिवे.

तीन शनिवार गेले मी. पंधरा सेंट.
दर वेळी तो तेच म्हणाला,
दर वेळी सगळे हसले.
ब्रायडीला सांगितलं नाही;
म्हणाली असती, मनचं रचतेस.

कारखान्याच्या फाटकाशी बॉयलरवाला मॅकइनर्नी
रोज संध्याकाळी टोपी काढून काहीतरी म्हणतो.
दोन वर्षं झाली.
मिशी ही एवढी, झुपकेदार,
खाली काय हलतं ते देव जाणे.
मी मान डोलावते आणि घरी जाते.
कारकून लायल मात्र माझ्यासाठी
पाटीवर खडूनं लिहितो: गुलाब, चांदणं वगैरे.
अक्षर वळणदार आहे त्याचं.

आज सोमवार.
लायलची पाटी मागून घेतली, चांदणं पुसलं,
आणि फाटकाशी मॅकइनर्नीपुढे धरली:
‘उद्या मिशी काढून ये.
मग काय ते बोल.’

वाचता वाचता त्याचा हात मिशीवर गेला,
जणू कुणी आत्ताच ओढून नेतंय.