दोन इंच

उदगीरच्या मोंढ्यामागं, सरकीच्या वासात,
मन्मथअप्पांचं ट्रेडल.
दिवाळी अंकाची शेवटची रात्र.
खिळे जुळवता जुळवता खय्यूमभाई हाक मारायचे,
"मास्तर, गोष्ट तोकडी पडली. दोन इंच उरूलालंय!"

गोष्ट माझी असायची.
मी चहा सांगायला म्हणून बाहेर सटकायचो.

झरीकर मास्तर दाढीचं पातं काढायचे,
लिनोलियमच्या तुकड्यावर उलटं कोरायचे:
तहसीलदाराचं पोट, पोटावर फाईल,
आणि फाईलचा कोपरा चघळणारी शेळी.
खाली ओळ नाही.
"तिच्या तोंडात घास आहे, बोलंल कशी?"

माझ्या गोष्टीचे सात रुपये.
मास्तरांच्या नावापुढं अप्पांच्या वहीत
एकच शब्द, भरती.
चहा मात्र दोघांना सारखाच, साखर जास्त.

परवा लातूरच्या स्टँडवर
एका टकल्या माणसानं हात धरला,
"ती शेळीची गोष्ट तुमचीच ना?
आमचे वडील मरेपर्यंत सांगायचे, हसायचे."

माझ्या गोष्टीत एक विधवा होती, एक विहीर होती.
शेळी नव्हती कुठंच.

गाडी लागली होती.
मी हो म्हणालो.