नोंद: रविवार, केरीचा सडा

वही माझ्याकडे असते, कारण मी उडत नाही.
वीज खात्यात एकतीस वर्षं मीटरचे आकडे लिहिले,
आता वाऱ्याचे लिहिते.

साडेदहा. ताशी चार, तोही पूर्वेचा.
मतलई अजून हटलेली नाही.
सड्यावर चौदा ग्लायडर पसरलेले,
हिरवे, केशरी, एक जांभळा ठिगळांचा.
गुरं घेऊन जाणाऱ्या बाबुसोने विचारलं,
"कोणाचें धुवप गे हें?"

खाली पुळणीवर एवरिस्तने चुन्याने वर्तुळ आखलं,
मधोमध लाल बादली.
बादलीला पाय लागला तर शून्य,
आणि शून्य म्हणजे पहिला नंबर.
आमच्या खजिनदाराला हा हिशोब
सात वर्षांत पटलेला नाही.

बारा. सहा.
कामशेतहून आलेल्या मुलाच्या फोनवर
तीन अंदाज, तीन वेगळे वारे.
तो एकेक वाचून दाखवतो, आम्ही माना डोलावतो.
कायतान मात्र खाडीच्या तोंडाशी
नांगरलेल्या होड्या बघत बसलाय.
"तोंडं फिरलीं ना रे अजून," एवढंच म्हणतो
आणि टोपी नाकावर ओढून घेतो.

लोकांना वाटतं, आम्ही उडतो.
आम्ही थांबतो.
काजूच्या सावलीत, दोऱ्यांचा गुंता सोडवत,
कुणाचा घटस्फोट, कुणाची म्हापशातली जागा,
कुणाच्या गुडघ्याचा एक्सरे हातोहात फिरवत.
उडणं वर्षाकाठी धरलं तर
माणशी चारपाच दिवसांचं भरेल.

दोन वाजता फ्लाव्हियाच्या गाड्यावरून रोस ऑम्लेट आलं
आणि मागून, कागदात गुंडाळून, उराकची बाटली.
नियम सोपा आहे: घोट घेतला की नाव खोडायचं.
तीनपर्यंत मी पाच नावं खोडली.
पाचही जण मला वाऱ्याबद्दल
फार खात्रीने सांगू लागले.

चार चाळीस. होड्या वळल्या.
कायतान उठला, टोपी खिशात घातली.
अठरा. वीस. बावीस.
एकेक पंख सळसळून डोक्यावर उभा राहिला
आणि सड्याची कड पायाखालून काढून घेतल्यासारखी
माणसं नुसती निघून गेली.
शेवटची निर्झरा मळीक, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची,
जांभळं ठिगळ तिचंच.
मग एकतीस. मग मी मोजणं थांबवलं.

नऊ जण समुद्राकडे तोंड करून
हवेत जागच्या जागी.
पुढे सरकेनात, खाली येईनात.
शेजारी दोन घारी, त्याही तशाच,
पण त्यांना घाई नव्हती.

वही काखेत मारून मी पायवाटेने खाली पोचले
तर वर्तुळाचा अर्धा चुना भरतीने खाल्लेला.
पुढच्या लाटेत बादली उचलली गेली,
एवरिस्त तिच्यामागे, ती टेरेखोलच्या दिशेने.
परत आला तो ढोपरभर पाण्यात उभा राहिला
हात वर करून:
"इथंच होती. मी इथून हलत नाही.
आता मीच बादली."

ग्लायडरचे कान ओढून एकेक जण उतरू लागला.
कामशेतचा मुलगा माडांपलीकडे पडला, कुत्र्यांनी हेरला.
कायतान एवरिस्तला वळसा घालून वाळूवर टेकला,
म्हणाला, ओळखीच्या माणसाला लाथ कशी मारायची.
निर्झरा सूर्य बुडाल्यावर आली,
लाटेच्या पाठीवर पाय टेकवत,
आणि सगळा जांभळा कपडा
तिच्यावर आणि बादलीवर मिळून पडला.

आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. टेप भिजलेली.

रात्री अकरापर्यंत वाद चालला.
लाटेगणिक एवरिस्त किती सरकला, हा मुद्दा.
फ्लाव्हिया म्हणाली, तो लग्नातही एका जागी उभा नव्हता.
बाहेर ओलं जांभळं कापड फणसाला टांगलेलं,
ठिबकत, मीठ सोडत,
मधूनच फुगून कुठेतरी निघाल्यासारखं करत.

मी वही उघडली. रकाना रिकामा ठेवता येत नाही.
लिहिलं:
मळीक, निर्झरा. एवरिस्तपासून अंतर शून्य.
एवरिस्त कुठे होता, याची नोंद नाही.