निरंक

गुरुवार. पेठेत पाणी नाही,
आणि मी तपासणीला बसलोय.
आधी खडकीच्या कारखान्यात दारूगोळा तपासायचो, आता दोर.
क्लबची खोली जिन्याखाली, शेजारी मसाल्याची गिरणी,
त्यामुळे आमच्या हेल्मेटांना बारमाही धण्याचा वास.

तपासायचं म्हणजे डोळे मिटायचे
आणि साठ मीटर दोर मुठीतून सरकू द्यायचा,
वीत वीत.
कुठे मऊ लागतो, कुठे आतला गाभा दबलाय.
वरचं विणकाम पुष्कळदा साफ असतं.
माणसांसारखंच, असं आमची कुंदा म्हणते.
मी तसलं काही म्हणत नाही. मी वहीत लिहितो.

दोर क्रमांक १४. दिवाळीनंतर, वर्गणीतून घेतलेला.
वापर : तैलबैला दोनदा, वानरलिंगी एकदा,
सिंहगडाच्या खडकावर नवी पोरं, मोजली नाहीत.
पडझड : एक.
अन्वर मुलाणी, लीडवर, तिसऱ्या बोल्टच्या वर.
धरलेली कपार हातातच आली.
बिलेला शलाका. तिच्या डाव्या तळव्यावर अजून चट्टा आहे,
स्कूटीचा ब्रेक दाबताना चुरचुरतो म्हणाली.
पंधरा फूट गेला तो. दोर बाजेसारखा करकरला
आणि अन्वर अधांतरी, टाच मोडलेली, शिव्या देत.
त्या शिव्या ऐकून खाली सगळे रडले.

रात्री अकराला फोन फिरले.
भोसरीहून दोघं, धायरीहून एक,
एकजण स्वतःच्या साखरपुड्यातून, शेरवानीवर हेडटॉर्च.
ठकू ढेब्यांनी बांबू दिला, घोंगडी दिली, झोळी झाली,
तीन तास कुणी कुणाला नाव विचारलं नाही.
पैसे पुढे केले तर ढेबे म्हणाले,
"दोर म्हातारा झाला की द्या एखादा. म्हशीला."

नियम असा, की ज्यानं माणूस झेलला
तो दोर पुन्हा वर न्यायचा नाही.
अखंडही ठेवायचा नाही,
नाहीतर एखादा उत्साही उचलून नेतो.
म्हणून आज चौदा नंबर कापतोय, तापल्या सुरीनं.
टोकं वितळतात, काळी पडतात, बोटाला चिकटतात.

नऊ नंबर मात्र खिळ्यावर आहे.
लालसर, अजून कडक.
सात वर्षं झाली.
त्या दिवशी तो नीट बांधलेला होता, स्टेशन माझंच,
दोनदा तपासलेलं.
सुहृदनं माथ्यावर पोचून कॅराबिनर सोडवला,
पाण्याची बाटली घ्यायची होती.
चार पावलं. घसारा.
दोराला हिसका बसला नाही.
मी दोन्ही हातांनी धरून होतो आणि तो हललासुद्धा नाही.

वहीत रकाना आहे, पडझड.
मी लिहिलं : निरंक.
तपासनिसानं खरं तेच लिहावं.
त्यानंतर कितीदा बोटं फिरवली त्याच्यावरून,
दोष सापडत नाही.
दोष नाही म्हणून कापता येत नाही.
कुणाच्या कमरेला बांधवत नाही.

चौदाचे तुकडे वाटले.
ढेब्यांच्या म्हशीला दहा हात.
कुंदाला गच्चीवर, चादरी वाळत घालायला.
शलाकानं वीतभर मागितला, कशाला ते विचारलं नाही.
उरलेल्याची अन्वरच्या धाकटीला दोरउडी.

आत्ता खाली बोळात तेच चाललंय.
अन्वर कुबडी भिंतीला टेकवून मोजतोय,
बासष्ट, त्रेसष्ट,
दोर पायाखालून जातो, डोक्यावरून येतो,
पोर हवेत, पोर फरशीवर.
चौसष्टला अडकली.
पुन्हा सुरू करायच्या आधी जिन्याकडे बघून
मला हाक मारते,
"आजोबा, बाबा नीट धरत नाही.
हे टोक तुम्ही धरा."